करंट्या

डिझेल ऑटोचा दांडा ओढून ओढून धर्मपालचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. बावीस वर्षं तोच रस्ता. हिवरढाकणी ते पांढरकवडा, चौदा किलोमीटर, त्यातले सहा नुसते खड्डे. सकाळी फाट्यावरच्या कडुनिंबाखाली गाडी लावायची, सवाऱ्या भरल्या की दांडा ओढायचा. इंजिन लवकर धडधडलं तर दिवस बरा. नाहीतर बायांनी कान झाकून घ्यावे असं त्याचं तोंड सुटायचं. पण माणूस सरळ. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला गडी, धर्मपालनं कोणाला फाट्यावर उभं ठेवलं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

त्या चैतात त्याच कडुनिंबाखाली दुसरी गाडी येऊन उभी राहिली. बॅटरीवाली. मालक कोण, तर त्याचा सख्खा पुतण्या राजदीप. धाकटा भाऊ धम्मरत्न गेला तेव्हा हे पोरगं आठवीत होतं. त्याला गाडी शिकवली ती धर्मपालनंच, याच डिझेल ऑटोवर. दांडा उलटा आला तर मनगट कसं वाचवायचं, हेही त्यानंच दाखवलं. आणि आता त्या पोरानं दांडाच नसलेली गाडी आणली. चावी फिरवली की चालली.

"मोठेबाबा, बसून तं पाहा एक डाव," राजदीप पहिल्या दिवशी म्हणाला. हातात पेढा होता.

"मले काम हाय," म्हणत धर्मपालनं पेढा घेतला आणि खिशात टाकला. दुपारपर्यंत त्याचा खिशातच चिखल झाला.

आठ दिवसांत सवाऱ्या तिकडं वळल्या. का वळणार नाहीत? डोळ्यात धूर नाही, कंबर खिळखिळी होत नाही, आणि वर भाडं कमी. धर्मपाल कडुनिंबाखाली बसून गमछ्यानं वारा घ्यायचा आणि पुतण्याची गाडी दुपारपर्यंत दोनदा भरून जाताना पाहायचा. ऊन सकाळी नऊलाच अंगाला चावायचं. अशा उन्हात दीड तास एका सवारीची वाट पाहत बसणं म्हणजे काय, ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

त्याच्या गाडीत अजून बसायचे ते किसनराव. चौदा एकराचे मालक, कापूस आणि तूर. त्यांना बॅटरीवर भरवसा नव्हता. खरं म्हणजे त्यांचा कशावरच नव्हता.

"एक गोष्ट मले कोनी समजावून सांगा," एक दिवस ते गाडीत पाय पसरून म्हणाले. "डिझेल नाही, पेट्रोल नाही. मंग ते चालते कशावर? हवेवर?"

"करंटवर चालते न," मानीबाई म्हणाली. ती तांड्यावरची म्हातारी. मांडीवर टेंभरांची, तेंदूच्या पिकल्या फळांची, टोपली घेऊन बसली होती, बाजारात विकायला.

"अन् करंट फुकट भेटते का? माया मोटारीचं बिल पाह्यशीन तं चक्कर येईन तुले. सस्तं काहीच नसते बाई. ह्या मोबाईलवाल्यायनं पह्यले फुकट देलं, अन् आता? आता रिचार्ज नाही मारला तं घरचे लोक मेले का जिते, तेही समजत नाही. सस्तं दिसलं का समजाचं, कोनीतरी भरून राह्यलं हाय. आपल्याले फक्त तो दिसून नाही राह्यला."

धर्मपाल पुढं आरशात पाहत होता. पण ते शेवटचं त्याच्या डोक्यात गोचिडासारखं रुतून बसलं. कोण भरून राह्यलं असन?

घरी आला तर घर रिकामं. प्रभावती, त्याची बायको, दिवसभर विहारातच असायची. ती बचत गटाची अध्यक्ष. अकरा बायांनी मिळून शेवयांची मशीन घेतली होती आणि विहाराच्या मागच्या खोलीत मांडली होती. घरोघरचा रवा यायचा, तिथं मळला जायचा, मशीनमधून शेवया निघायच्या आणि अंगणातल्या बाजांवर वाळायच्या. उन्हाळ्याचे दोन महिने बायांना मान वर करायला सवड नसायची. विहार समितीचा सचिव धर्मपाल, किल्ली त्याच्याकडे. त्यामुळं खोलीची परवानगीही त्यानंच दिली होती. संध्याकाळी प्रभावती कोपरापर्यंत पांढरी होऊन यायची आणि भाकर थापायच्या आधी दोन मिनिटं भिंतीला पाठ टेकून बसायची.

वैशाख लागला आणि विहाराचं विजेचं बिल आलं. नेहमीच्या चौपट. समितीचे पाचही जण त्या कागदाभोवती डोकी लावून बसले. एक म्हणाला, मीटर बिघडलं असन. दुसरा म्हणाला, हे नवीन मीटर पळतेच तसं. विहारात दोन पंखे, चार दिवे, आणि पंखेही वंदनेपुरते. जाईल तरी कुठं इतकी वीज?

धर्मपाल तिथून निघाला तो राजदीपच्या घरावरून. विहाराची मागची भिंत आणि राजदीपच्या अंगणाची भिंत एकच. अंगणात बॅटरीची गाडी उभी होती आणि त्या भिंतीवरून एक पिवळी वायर लोंबत येऊन तिच्या पोटात गेली होती.

तो तिथंच थबकला. अंगातून घाम निथळत होता तरी त्याला गार वाटलं. सापडला! दिसला तो भरणारा!

आता दोन पावलं पुढं होऊन, टाचा उचलून त्यानं भिंतीपलीकडं डोकावलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं. बरं, ते नाही तर नाही, निदान "शीला, हा वायर कोठून आणला वं?" असं राजदीपच्या आईला, आपल्या भावजयीला, विचारायला काय जीभ झिजत होती? ती चुलीपाशीच होती. पण नाही. ज्या माणसाची गाडी महिनाभर एकदाही भरली नाही, त्याला विचारायची गरज वाटत नाही.

रविवारी सकाळी वंदना. धर्मपाल पुढं बसून पंचशील म्हणवून घ्यायचा. तो म्हणायचा, मागून सगळे म्हणायचे. वंदना झाली, लोक सतरंजीवरून उठायला लागले, तेव्हा त्यानं हात वर केला.

"बसा दोन मिनिटं. विहाराचं बिल चौपट आलं हाय. आता मी कोनाचं नाव घेत नाही. नाव घेनं मले पटत नाही. पन दुसरं शील म्हनतानी काही लोकायचा आवाज बारीक काहून होते, ते ज्याचं त्यानं सोताले इचारावं."

दुसरं शील म्हणजे दिल्याशिवाय घ्यायचं नाही. तिथं बसलेल्या लहान लेकरांनाही ते पाठ. मग एकेक मान वळली, मागं, खिडकीपाशी बसलेल्या राजदीपकडं. कोणाची मान कुठं वळली ते आपण पाह्यलंच नाही, असं धर्मपाल पुढं बायकोला म्हणाला. खोटं. चांगलं डोळे भरून पाह्यलं होतं त्यानं.

राजदीप उभा राहिला. "मोठेबाबा, कोनाले म्हनून राह्यले तुमी?"

"म्या कोनाचं नाव घेतलं का?"

"नाही घेतलं."

"मंग बस खाली. तुलेच काहून टोचलं?"

कोणीतरी हसलं. पोराचा चेहरा काळानिळा झाला. तो बसला नाही, गेलाही नाही. दाराच्या चौकटीला हात लावून तसाच उभा राहिला आणि लोक त्याच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडले.

त्यानंतर समितीनं मीटरच्या डब्याला कुलूप घातलं. किल्ली पुन्हा धर्मपालकडेच. कुलूप लावताना त्यानं ते तीनदा ओढून पाह्यलं, भिंतीपलीकडच्या अंगणात आवाज जावा म्हणून.

गावाला काय, एवढं पुरलं. "चोरीच्या करंटवर चालोते, म्हनून सस्तं परोडते त्याले." तिसऱ्या दिवशी राजदीपला नाव पडलं. करंट्या. दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसले, करंटवाला आणि करंटा, आणि म्हणणाऱ्याला हसू फुकट. "करंट्या आला बे." "करंट्या, हात नोको लावू, झटका बसन." ज्या बाया त्याच्या गाडीत कंबर सावरून बसायच्या त्याच आता पदर तोंडाला लावून धर्मपालच्या धुरात बसू लागल्या. धर्माचा प्रश्न होता म्हणे. शीला पाणी भरायला हापशीवर गेली की बोलणं थांबायचं. ती रविवारी वंदनेला यायची बंद झाली.

आणि धर्मपालची गाडी? दहा-दहा, अकरा-अकरा सवाऱ्या. पाठीमागं लोंबकळणारे वेगळे. चार दिवस त्याला फार बरं वाटलं. पाचव्या दिवशी फाट्यावर राजदीप रिकाम्या गाडीत बसून स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत होता. बोटानं पुसायची, पाहायची, पुन्हा पुसायची. धर्मपालनं तोंड दुसरीकडं केलं. चोर तो चोर, भावाचा असला म्हणून काय झालं, असं तो मनाशी बोलला. पण फार जोर लावून बोलावं लागलं.

बुद्धजयंतीला दोन दिवस राहिले तेव्हा तो विहारात पताका बांधायला गेला. दुपारचे बारा. शिडी लावून वर चढला. मीटरचा डबा डोळ्यासमोर आला. डब्याच्या काचेतून तांबडा दिवा दिसत होता, आणि तो दिवा असा भराभर लुकलुकत होता की बोटं मोजून थकावी. हे मीटर तसंच असतं. जेवढी वीज जास्त जाईल तेवढा दिवा घाईनं लुकलुकतो, हे त्याला वायरमननं मागं सांगितलं होतं.

"भर दुपारी!" धर्मपाल ओरडलाच. "कुलूप लावलं तरी!"

शिडीवरून उतरला तो चप्पल न घालता. तापलेल्या मुरमावरून उड्या मारत मारत राजदीपच्या अंगणात. म्हटलं आज रंगेहाथ धरतो. अंगणात गाडी नव्हती. नुसती पिवळी वायर भुईवर पडली होती. शीला सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती.

"कोठी हाय तो?"

"सकाऊनच गेला पांढरकवड्याले. तिथी सवारी भेटन म्हने." शीलानं वर पाह्यलं नाही. "काहून? अजून एक कुलूप लावाचं राह्यलं का, भाऊजी?"

वायर कुठून आली ते या वेळी त्यानं पाह्यलं. भिंतीवर वर, पत्र्याच्या आडोशाला, शीलाच्या घराचं आपलं मीटर होतं. विजेचा खांब तिकडंच, म्हणून तिथं बसवलेलं. वायर त्यातून निघत होती. विहाराकडं काहीच जात नव्हतं. काहीच.

तो परत आला. पाय भाजलेले होते ते आता कळायला लागलं. शिडीवर चढला. दिवा तसाच भराभर. मग मागच्या खोलीतून प्रभावतीचा आवाज आला, "बंद करा वं बायाहो, जेवून घ्या आता." घरघर थांबली. आणि तांबडा दिवा जागच्या जागी संथ झाला. एकदा लुकलुकला. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा एकदा.

धर्मपाल पताकेची दोरी हातात धरून शिडीवर तसाच उभा राहिला. खोलीतून कांद्याचा, ठेच्याचा वास आला, बाया हसल्या, कोणीतरी भांडी विसळली. अर्ध्या तासानं घरघर पुन्हा सुरू झाली आणि दिवा पुन्हा वेड्यासारखा पळत सुटला.

प्रभावतीला त्यानं बाहेर बोलावलं, चिंचेखाली. सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"तुले माईत होतं?"

"माईत नोतं. शंका होती." ती हातावरचं पीठ चोळून काढत होती. "खोली मांगाले आलो तवाच म्या म्हनलं होतं, लायटीचं आमी भरतो. तुमी काय म्हनलं, आठवते? म्हने, बायायच्या मशिनीले असा किती करंट लागते? राहू द्या. हसले होते तुमी."

आठवत होतं. हसला होता तो. शेवया म्हणजे बायांचं काम, बायांच्या कामाला कसली आली वीज! एक हॉर्सपावरची मोटर आठ-आठ तास त्याच्या नाकाखाली चालली आणि ती त्याला ऐकू आली नाही.

"मंग तवाच काहून नाही बोलली? पोराचं नाव खराब झालं तवा?"

"बोलली असती तं मशीन उचलून बाहेर ठेवली असती समितीनं. ह्या उन्हाळ्याच्या भरवशावर अकरा घरं हायेत माया मांग." तिनं पदराला हात पुसले. "मले वाटलं, होईन थंड. लोक इसरतीन. रोज त्याच्या दारावरून जातो मी, अन् रोज तोंड लपवतो. पन तोंड तुमी उघडलं होतं, म्या नाही."

"सांगू का आता लोकायले?"

"तवा सांगतलं तवा मले इचारलं होतं का?" असं म्हणून ती आत गेली आणि घरघर आणखी जोरात सुरू झाल्यासारखी वाटली.

सांगायचं म्हणजे काय, हे धर्मपालला चांगलं समजत होतं. सवाऱ्या पुन्हा पुतण्याकडं जातील. मशीन उठेल. विहारात पुढं बसून शील म्हणवून घ्यायचं तोंड उरणार नाही. पण शीलाचं ते खाली पाहून बोलणं काही त्याच्या कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर त्याची गाडी भरली. मागं किसनराव, मानीबाई तिची टोपली घेऊन, बाकी गावातल्या बाया-माणसं दाटीवाटीनं. पलीकडं राजदीपची गाडी रिकामी. धर्मपालनं दांडा ओढला नाही. गाडीसमोर जाऊन उभा राहिला.

"ऐका. विहाराचं बिल वाढलं ते शेवयाच्या मशीननं. माया बायकोच्या गटाच्या. म्या सोता मीटर पाह्यलं, मशीन चालू असली का पळते, बंद झाली का थांबते. राजदीपचा वायर त्याच्या घरच्या मीटरचा हाय. त्यानं काहीच केलं नाही. मी चुकलो."

त्याला वाटलं, आता शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

किसनरावांनी मान हलवली, हळू, प्रेतयात्रेत हलवतात तशी. "धर्मपालभाऊ, तुमी तं नावच घेतलं नोतं. मंग चुकले कायचे?"

"म्या त्यालेच म्हनलं होतं!"

"राहू द्या. समजते आमाले. भावाचं पोरगं हाय. शेवटी रगत हाय. मी असतो तं म्याही हेच केलं असतं."

"अन् पाहा न, बायकोवर घेतलं," मागून एक बाई म्हणाली. "शेवयाच्या मशिनीले इतका करंट लागते म्हने! माया घरी मिक्सर हाय, मले माईत नाही का?"

"अरे, मी खरं सांगून राह्यलो!"

"हाव, हाव," सगळे म्हणाले. इतक्या मायेनं की त्याला रडू आलं, आणि त्याचे डोळे भरलेले पाहून दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला.

त्यानं मानीबाईची टोपली उचलली आणि राजदीपच्या गाडीकडं नेऊ लागला. "चाल माय, तिकडं बस. चांगली गाडी हाय, कंबर दुखनार नाही तुयी." मानीबाईनं टोपलीचा काठ सोडला नाही. "ऊन चढून राह्यलं बापू, टेंभरं सुकतीन. चाल लवकर." टोपली तिनं ओढून परत मांडीवर घेतली.

मग तो एकटाच राजदीपच्या गाडीपाशी गेला. मागच्या सीटवर जाऊन बसला. सगळे पाहत होते, म्हणून बसला. आपण स्वतः बसलो म्हटल्यावर निदान दोघं तरी उठून येतील. कोणी उठलं नाही.

"उतरा मोठेबाबा," राजदीप पुढं पाहत म्हणाला.

"म्या सांगतलं राजा. सगळ्याइसमोर सांगतलं."

"ऐकलं म्या." तो रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. "तुमी तवा नाव घेतलं असतं तं मी भांडलो असतो. हात धरून नेलं असतं सगळ्याइले, मीटर दाखोलं असतं. नावच घेतलं नाही तं कोनाले काय दाखोतो? अन् आता तुमी किती बी सांगा, लोक म्हनतीन का काकानं पोटात घातलं."

"मंग मी काय करू? सांग तू. तू म्हनशीन ते करतो."

"काही नोका करू. उद्यापासून मी पांढरकवड्यातच चालोतो. खोली पाह्यली. आईले पन नेतो. तिथी मले कोनी वळखत नाही." त्यानं चावी लावली. "उतरा. तुमच्या सवाऱ्या उनात तापून राह्यल्या."

धर्मपाल उतरला. राजदीपची गाडी वळली आणि गावाच्या बाजूला गेली, आईचं सामान बांधायला. कडुनिंबाखाली आता एकच गाडी होती. लोक वाट पाहत होते, एक लेकरू रडायला लागलं होतं. धर्मपालनं दांडा ओढला, पुढं बसला आणि निघाला.

पाच किलोमीटरवर मधल्या गावाच्या थांब्यावर एक बाई चढली. अनोळखी, हातात औषधांची पिशवी. किसनराव सरकले, तिला जागा करून दिली, आणि आवाज चढवून, इंजिनाच्या वर ऐकू जावं म्हणून, सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले. पुतण्या कसा करंटचोर निघाला, अन् ह्या मानसानं आज सकाळी, भरल्या गाडीसमोर, त्याच्यासाठी सोताच्या बायकोले खोटं पाडलं. बाकीचे मधून मधून "खरं हाय" म्हणत होते.

"असे लोक हायेत म्हनून चाललं हाय बापा," बाई म्हणाली आणि तिनं मागूनच हात जोडले. धर्मपालला ते आरशात दिसलं. पांढरकवडा अजून नऊ किलोमीटर होतं.